तीन दिवसांचा गोवर

अंगावर लाल पुरळ उठले आणि जोडीला ताप असला, की आमच्या भागात त्याला सरसकट गोवर म्हणण्याची रीत आहे. पुरळ दाट असले तर मोठा गोवर, विरळ असले आणि तीन दिवसांत मावळले तर हलका गोवर. कडुनिंबाचा पाला, मऊ भात, आणि पोराला उन्हात सोडायचे नाही, एवढ्यावर दोन्हींचा निकाल लागे. हलक्या गोवराला तर पाल्याचीही गरज वाटत नसे.

२०१७ च्या जानेवारीत आमच्या शाळेत एक परिपत्रक आले. सीमाभागातल्या मराठी शाळेत परिपत्रक येते ते कानडीत. पालकसभेत ते मराठीत करून सांगणे हे मुख्याध्यापकाच्या अलिखित कामांपैकी एक. त्यात 'दडार-रुबेला' अशा जोडनावाची लस नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतील सर्व मुलामुलींना द्यायची असल्याचे लिहिले होते. ज्यांच्या घरी कानडी चालते त्यांना दडार कळला. 'दडार म्हणजे गोवर' असे सांगितल्यावर बाकीच्यांनाही कळला. रुबेला मात्र दोन्ही भाषांतल्या कुणालाच कळला नाही. कळणार कसा? ज्या रोगाला घरात स्वतःचे नावच नव्हते, तो आहे हेच कुणाला माहीत नव्हते.

गंमत अशी, की हे परके नाव जन्माला आले ते हिंदुस्थानातल्याच एका साथीवरून. हेन्री व्हील नावाचा इंग्रज तोफखान्याचा डॉक्टर येथे होता. त्याने पाहिलेल्या साथीचे वर्णन १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. जर्मन वैद्यांनी या रोगाला दिलेले नाव इंग्रजी कानांना कर्कश वाटते, म्हणून त्याने लॅटिनमधून 'रुबेला' हे नाव सुचवले. अर्थ एवढाच, की 'जरासा लाल'. जर्मन वैद्यांनीच याला गोवराहून वेगळा काढला होता म्हणून पुढे 'जर्मन गोवर' असेही नाव पडले. नाव सौम्य आहे आणि रोगही सौम्यच आहे. अंगात थोडी कणकण, कानामागे व मानेवर बारीक गाठी, तोंडावरून खाली उतरत जाणारे फिकट पुरळ, तीन दिवसांत सगळे साफ. जवळजवळ निम्म्या लोकांना तर पुरळही उठत नाही. ज्याला होतो त्याला तो फारसे काही करत नाही. मोठ्या बायकांचे सांधे काही दिवस दुखतात, इतकेच. म्हणून वैद्यकाच्या पुस्तकात पाऊणशे वर्षे त्याच्या वाट्याला जेमतेम जागा होती.

त्याची खरी ओळख पटली ती ऑस्ट्रेलियात, १९४१ साली, आणि पटवून दिली ती एका डोळ्यांच्या डॉक्टरने. नॉर्मन मॅकॅलिस्टर ग्रेग सिडनीत काम करत होते. महायुद्धाचे दिवस. त्या सुमारास त्यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली तान्ही मुले एकामागून एक येऊ लागली. असा रोगी एरवी वर्षाकाठी एखादा दिसायचा. बाहेरच्या बाकावर बसलेल्या आयांचे आपसातले बोलणे त्यांच्या कानावर पडले आणि त्यातून त्यांना धागा सापडला, असे सांगतात. दिवस गेले असताना सुरुवातीलाच आपल्याला जर्मन गोवर झाला होता, असे त्या एकमेकींना सांगत होत्या. ग्रेगनी इतर डॉक्टरांकडूनही माहिती मागवली. एकूण ७८ बालके जमली. त्यांपैकी ६८ जणांच्या आयांना गरोदरपणात, बहुतेकींना पहिल्या एक-दोन महिन्यांत, हा रोग होऊन गेला होता. कित्येक बालकांच्या हृदयातही दोष होता. पुढे दोन वर्षांत बहिरेपणही त्यात आले. डोळे, कान, हृदय हे तिन्ही त्या पहिल्या आठवड्यांतच घडत असतात.

विद्वानांनी लगेच मान डोलावली नाही. लंडनच्या 'लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकाने हे सिद्ध झाल्याचे मानता येत नाही, अशा अर्थाचा अभिप्राय दिला. आयांच्या आठवणींवर काय विसंबायचे, हा त्यामागचा भाव. ज्यांच्या अंगावरून गेले त्यांची आठवण कच्ची धरायची आणि कागद पक्का, ही सवय फक्त कचेऱ्यांचीच नाही तर!

पण पुढे कागदानेच साक्ष दिली. आयुष्यभर हजेरीपट आणि जनरल रजिस्टर सांभाळणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एच. ओ. लँकेस्टर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जुन्या जनगणना उघडल्या. १९११ च्या गणनेत बहिऱ्या-मुक्यांची संख्या दहा ते चौदा वर्षांच्या गटात विलक्षण फुगलेली होती. १९२१ च्या गणनेत तोच फुगवटा वीस ते चोवीसच्या गटात सरकलेला. म्हणजे तीच माणसे, दहा वर्षांनी मोठी झालेली. बधिर मुलांच्या शाळांच्या नोंदीही त्याने जन्मसालाप्रमाणे लावून पाहिल्या. मागे मोजत गेल्यावर त्यांचे जन्म १८९९ च्या आसपास येत होते, आणि त्याच सुमारास तेथे रुबेलाची मोठी साथ येऊन गेली होती. ग्रेगच्या तीस वर्षे आधीच ही हकीगत लिहून ठेवलेली होती. आकडा सर्वांनी पाहिला होता, वाचला मात्र कुणी नव्हता.

आता घरचे सांगतो. ते सांगायला मी आक्काची परवानगी घेतली. "सांग की," ती म्हणाली, "पण माझं नाव घालू नको. गावाचंबी नको." म्हणून दोन्ही घालत नाही. चंदगड तालुक्यातले एक गाव, एवढे पुरे.

आक्का माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. १९७९ च्या मे महिन्यात तिचे लग्न झाले. पुढच्या जानेवारीच्या अखेरीस चुलत्यांच्या घरी लग्नकार्य निघाले म्हणून ती पंधरा दिवस माहेरी आली. मी तेव्हा सहावीत होतो. आमच्या वाड्यात पाच बिऱ्हाडे आणि पोरांचा सुकाळ. त्या महिन्यात एकापाठोपाठ एक असे आम्हा सगळ्या पोरांना हलका गोवर येऊन गेला. मला तीन दिवस शाळेला सुटी मिळाली आणि ती मी बोरे खाण्यात घालवली. लग्नघरच्या गडबडीत आक्कालाही दोन दिवस कणकण आली. तोंडावर पुरळ उठले. कानामागे दुखते म्हणत होती. आईने जायफळ उगाळून लावले आणि नव्या नवरीने असे तोंड घेऊन मांडवात कसे मिरवायचे, एवढीच चिंता केली. चौथ्या दिवशी काही नव्हते. फोटोत ती छान दिसते.

तिला दिवस राहिले होते हे फक्त तिला आणि आईला ठाऊक होते. सव्वा महिना वर झाला होता. तीन महिने होईपर्यंत कुणाला बोलायचे नाही, हा आपल्याकडचा दंडक. सासरीही अजून सांगितले नव्हते.

ती परत गेली आणि १६ फेब्रुवारीला, शनिवारी, सूर्यग्रहण लागले. ते ग्रहण आमच्या पिढीला विसरणे शक्य नाही. हुबळी-रायचूरकडून खग्रासाचा पट्टा गेला होता. आमच्याकडेही भर दुपारी तिन्हीसांजा झाल्या आणि पाखरे झाडांवर परतली. वाळत घातलेले कपडे आत आणायला आक्का तेवढ्यात अंगणात गेली होती. परसातून अंगणात, चार पावले. सासूबाईंनी ते पाहिले. तोवर त्यांना काही माहीत नव्हते. पुढच्या महिन्यात कळले, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजले.

सप्टेंबरात मुलगा झाला. बाळ वजनाला फार कमी. तिसऱ्या महिन्यात एका डोळ्याच्या बाहुलीत पांढरे दिसू लागले. मिरजेला नेऊन त्या डोळ्याचे ऑपरेशन केले, पण त्यात नजर अशी आलीच नाही. कानाचे कळले ते १९८१ च्या दिवाळीत. पोर तेरा महिन्यांचे. दारात लक्ष्मी बार लागत होते, शेजारच्या घरांतली तान्ही मुले टाहो फोडत होती, आणि हे पाळण्यात शांत झोपले होते. "गुणाचं बाळ आहे," असे कुणीतरी म्हणाले. आक्का म्हणते, त्या वेळी तिच्या पोटात खड्डा पडला. तिने सगळ्यांच्या मागे जाऊन पाळण्याशेजारी पितळेची परात आपटली. ते झोपूनच होते.

"गिराण लागलं," सासूबाई म्हणाल्या, आणि गावाने ते मान्य केले. मी त्यांना दुष्ट म्हणणार नाही. नातवाला पाठीवर घेऊन त्या पाच कोस चालत देवाला जायच्या. त्यांनाही कारण हवे होते, आणि जवळ होते ते एकच कारण होते. पण त्या कारणाचे बोट आक्काकडे होते. गावात कुणाचे डोहाळजेवण असले की तिला आमंत्रण यायचे नाही. पहिलटकरणीची ओटी तिच्या हातून भरून घेत नसत. तिच्यासमोर कुणी काही बोलले नाही. असे कधी बोलत नाहीत. दाजी सज्जन होते, त्यांनी दुसरे लग्न करण्याच्या सल्ल्यांना दाद दिली नाही. चार वर्षांनी धडधाकट मुलगी झाली, तेव्हा 'ह्या वेळेला नीट घरात बसली होती' असे ठरले.

या प्रकाराला रुबेला हे नाव आमच्या घरात प्रथम उच्चारले गेले ते १९९४ साली. भाच्याच्या कानाच्या यंत्रासाठी मी त्याला व आक्काला बेळगावात एका डॉक्टरांकडे घेऊन गेलो होतो. त्यांनी कान पाहिले, तो डोळा पाहिला, आणि यंत्राचे सोडून भलतेच विचारले, "दिवस गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तुम्हाला ताप, पुरळ असं काही?" आक्काला चौदा वर्षांपूर्वीचा मांडव आठवला. कानामागचे दुखणेही आठवले. डॉक्टरांनी कागदावर माणसाच्या गर्भाचे चित्र काढून दाखवले. त्या वेळी रक्त तपासलेले नव्हते, त्यामुळे खात्रीने सिद्ध आता काहीच करता येणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. परंतु डोळा आणि कान हे दोन्ही एकदम, वजन कमी आणि तो पुरळाचा इतिहास, एवढ्यावरून त्यांना शंका उरली नव्हती. परतताना बसमध्ये आक्का बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "म्हणजे कपड्यांचं काही नव्हतं." त्यानंतर तिने तो विषय दोन वर्षे काढला नाही.

मी पुढे याविषयी मिळेल ते वाचत गेलो. इतिहासाचा विद्यार्थी, त्यामुळे डॉक्टरकी मला येत नाही, पण सनावळीची सवय आहे. अमेरिकेत १९६४-६५ मध्ये जी साथ आली तीत सुमारे १ कोटी २५ लाख लोकांना रुबेला झाला. सुमारे ११,००० गर्भ गेले, काही आपोआप पडले, काही पाडावे लागले. जवळजवळ २०,००० मुले हा वारसा घेऊन जन्माला आली. पहिल्या बारा आठवड्यांत संसर्ग झाला तर दहांपैकी आठ-नऊ गर्भांना इजा पोहोचते. पुढे धोका झपाट्याने उतरतो आणि पाचव्या महिन्यानंतर तो फारच थोडा राहतो.

हे आकडे वाचताना मला राहून राहून एक गोष्ट खटकत आली आहे. विषाणूला जे तीन महिने हवे असतात, नेमके तेच तीन महिने आपण लपवून ठेवतो. लपवण्यामागे दृष्ट लागण्याची भीती आहे. पुढे काही बिनसले तर चारचौघांत बोभाटा नको, हे शहाणपणही आहे. मी त्या रीतीची थट्टा करत नाही. पण एकीकडे रोग असा, की पुरळ उठण्याच्या आधी आठवडाभर तो माणसामाणसांत पसरत असतो. दुसरीकडे गरोदर बाई अशी, की तिच्या शेजारणीला, नणंदेला, कधी कधी तिला स्वतःलाही अजून पत्ता नसतो. दोन्ही गुपिते एकाच स्वयंपाकघरात, एकाच वर्गात, एकाच एसटीच्या बाकावर शेजारी बसतात. त्यांना वेगळे कोण करणार?

२०१४ साली, मी मुख्याध्यापक झालो त्याच वर्षी, आठवीच्या एका वर्गात असे पुरळ फिरले. शिक्षिकांत तिघी-चौघी नवविवाहित होत्या. पुरुष मुख्याध्यापकाने हे विचारायचे कसे? आमच्या सर्वांत ज्येष्ठ बाईंना मी सगळे समजावून सांगितले. त्यांनी शिक्षकखोलीत, कुणाकडेही न बघता, जाहीर केले की जिला काही कारणाने आठवीवर जायचे नसेल तिने मला येऊन सांगावे, कारण विचारले जाणार नाही. दोन दिवस कुणी आले नाही. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर एक जण आली. सात आठवडे झाले होते. नवऱ्यापलीकडे घरात कुणाला सांगितलेले नव्हते. आठवीवर तिचे रोज दोन तास होते. तिचे रक्त तपासून घेतले. अहवाल यायला चार दिवस लागले आणि ते चार दिवस त्या ज्येष्ठ बाईंनी उपास केला, हे मला मागाहून कळले. अहवालात तिला जुने संरक्षण असल्याचे निघाले. लहानपणी केव्हातरी तिला रुबेला होऊन गेला होता, तिच्या आईलाही ते आठवत नव्हते. त्या बाईंचा मुलगा आता शाळेत जातो.

तिचे नशीब होते. पण आठवीवरची दुसरी कुणी बाई, जिला लहानपणी तो झाला नव्हता, तिचे काय? तिला वाचवण्याचा उपाय त्या तीन महिन्यांत नाहीच. रोगावर औषध नाही. लस जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते, म्हणून गरोदरपणी ती देत नाहीत, आणि घेतल्यावरही निदान महिनाभर दिवस राहू देऊ नयेत असे सांगतात. जे करायचे ते आधीच, आणि खरे तर त्या बाईला करायचेच नाही. करायचे ते आठवीच्या पोरांना.

येथे मी परत २०१७ च्या पालकसभेकडे येतो. त्या फेब्रुवारीत मोहीम सुरू झाली ती कर्नाटक, तामिळनाडू, गोवा, पुदुच्चेरी आणि लक्षद्वीप येथे. मोबाईलवर नाही नाही ते मजकूर फिरत होते. या सुईने मुलींना पुढे मूल होणार नाही, हा त्यांतला मुख्य. ज्या लशीचा सगळा हेतू मूल धड जन्मावे हा, तिच्यावर हा आळ! एका बापाने तर मुलीला टोचू नये असा अर्जच लिहून आणला होता. मी त्याला खुर्चीवर बसवले आणि आक्काची हकीगत सांगितली, नावगाव वगळून. तो ऐकून घेऊन गेला. अर्ज त्याने परत घेतला नाही. टोचणीच्या दिवशी त्याची बायको मुलीला घेऊन आली आणि "ह्यांना मी बघते," एवढेच म्हणाली.

दुसरा प्रश्न अधिक विचार करायला लावणारा होता. "सर, पोटुशी राहायच्या त्या पोरी. पोरास्नी कशाला सुई?" प्रश्न रास्त आहे, आणि इंग्लंडच्या शहाण्या सरकारलाही तो पडला होता. १९७० पासून त्यांनी तेथे फक्त अकरा ते तेरा वर्षांच्या मुलींना लस दिली. मुलगे आणि लहान पोरे यांच्यात विषाणू खुशाल फिरत राहिला आणि ज्या बायकांची लस हुकली होती किंवा लागू पडली नव्हती त्यांना गाठत राहिला. अखेर १९८८ पासून त्यांनी लहानपणीच मुलामुलींना सरसकट द्यायला सुरुवात केली. मूल कुणाच्याही पोटात असो, पुरळ घरात आणतो तो बहुधा पाचवी-सहावीतला भाऊ, दीर नाही तर शेजारचा पोरगा.

याहून मोठा धडा ग्रीसचा आहे. तेथे लस सत्तरच्या दशकातच आली, पण ज्याला हवी त्याने घ्यावी अशा थाटात. १९८० च्या दशकभर निम्मीही मुले टोचली गेली नाहीत. वाटेल की निम्म्यांना तरी फायदा झाला. झाले उलटे. विषाणू पूर्वीसारखा गल्लोगल्ली फिरेनासा झाला, त्यामुळे न टोचलेल्या मुलींना तो लहानपणी भेटलाच नाही. त्या संरक्षणाविना वाढल्या, लग्ने झाली, आणि १९९३ च्या साथीत तो त्यांना भेटला तो नको त्या वेळी. रुबेलाचे व्यंग घेऊन जन्मलेली २५ बालके तेथे तपासणीत निश्चित झाली. अर्धवट लसीकरण हे काही वेळा मुळीच न केल्याहून वाईट ठरू शकते, हे मी पालकांना फळ्यावर आकृती काढून दाखवले. ज्या गावी आपण निम्मे लोक 'आमच्या पोराला नको' म्हणतो, त्या गावी कुणाची तरी सून त्याची किंमत मोजते.

आमच्या शाळेत दहावीची बरीच मुले पंधरा ओलांडलेली म्हणून वगळली गेली. बाकीच्यांच्या दंडात सुई गेली, नखावर शाईची खूण झाली, दोन मुलींना घेरी आली आणि ती लिंबूपाण्याने गेली. नारळी पौर्णिमेला राखी दाखवावी तशी पोरे एकमेकांना नख दाखवत होती.

पण सीमाभागात राहणाऱ्या माणसाच्या मनात लगेच दुसरे येते. आमच्या वेशीपासून तासाभराच्या अंतरावर चंदगड तालुका लागतो, म्हणजे महाराष्ट्र. तिकडे ही मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ ला सुरू झाली. एकवीस महिन्यांचे अंतर. तोवर आठवडी बाजार तोच, यात्रा त्याच, सोयरिकी त्याच, एकाच वरातीत अलीकडची टोचलेली आणि पलीकडची न टोचलेली पोरे एकत्र नाचत होती. सीमेचा खटला सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे, निकाल लागेल तेव्हा लागेल. विषाणूला त्यात पक्षकार करून घेण्याची सोय नाही. आता मात्र दोन्हीकडे नवव्या महिन्यानंतर एक आणि दीड वर्षाच्या सुमारास दुसरी, अशा दोन मात्रा नेहमीच्या लसीकरणातच मोफत मिळतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीत जो रुबेलाचा वाण वापरतात तो फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत स्टॅन्ली प्लॉटकिन यांनी १९६० च्या दशकात तयार केलेला. अमेरिकेतल्या त्याच साथीने त्यांना कामाला लावले होते.

ज्या मुली या मोहिमेच्या वेळी पंधरा ओलांडून गेल्या होत्या, त्या आज चोविशी-पंचविशीत आहेत आणि त्यांच्याच लग्नाच्या पत्रिका सध्या माझ्या टेबलावर येतात. त्यांना मोहिमेने गाठले नाही. पत्रिका घेऊन आलेल्या आईला मी पेढा खाताखाता एवढेच विचारतो, की मुलीचे रक्त तपासून घेतले का, नाहीतर लग्नाआधी दोन महिने एक सुई देऊन टाका. काही जणी हसतात. एकीने 'आमच्या मुलीत काही दोष नाही सर' असे फणकाऱ्याने ऐकवले.

हा फणकारा मी आधीही ऐकला होता. भाच्याचे लग्न २००९ च्या मे महिन्यात झाले. बधिर शाळेत त्याने शिवणकाम शिकले होते. आजही जूनमध्ये आमच्या शाळेचे शेकडो गणवेश त्याच्या यंत्रावरून उतरतात. सून कोल्हापूरकडची, लहानपणी मेंदूज्वराने तिचे कान गेलेले. दोघांनी एकमेकांना पसंत केले होते. आक्का स्वतः तिच्या माहेरी गेली आणि लग्नाआधी ही सुई द्यायचीच म्हणून बसली. मुलीची आई म्हणाली, आमच्या मुलीत आणखी कसला दोष काढता? आक्काने काय सांगितले ते मला माहीत नाही. दोघी आतल्या खोलीत तासभर होत्या. सुई मार्चमध्ये दिली गेली.

पुढच्या जानेवारीत, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे १५ जानेवारी २०१० ला, पुन्हा सूर्यग्रहण आले. सुनेला तिसरा महिना. मी तिळगूळ घेऊन गेलो होतो. पाहतो तो आक्काने सुनेला सकाळपासून माजघरात बसवले होते, खिडक्या लावल्या होत्या, दाराच्या फटीला टॉवेल खोचला होता आणि विळी, कात्री, भाच्याच्या यंत्राची सुईसुद्धा कडीकुलपात.

"आक्का, इंजेक्शन दिलंय की तिला," मी म्हटले.

"दिलंय की. ते दिलंय म्हणून हे करू नये असं कुठं लिहिलंय?" ती म्हणाली. "ग्रहण सुटू दे, मग चहा टाकते. तोवर तू बाहेर बस."

ऑगस्टमध्ये नात झाली. तीन महिन्यांनी दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला गल्लीत कुणीतरी माळ लावली आणि पाळण्यातले पोर दचकून किंचाळून रडू लागले. सुनेने तिचे तोंड पाहिले आणि घाईघाईने तिला उचलायला गेली. आक्काने तिचा हात धरून तिला थांबवले, आणि त्या पोरीला आणखी थोडा वेळ रडू दिले.